आधी स्वस्त प्रश्न, मग महाग

डाउनलोड्सचा पसारा आपोआप आवरणारे प्रोग्रॅम आता बरेच जण वापरतात. मॅकवर हेझल, लिनक्सवर घरी लिहिलेली स्क्रिप्ट. ‘पीडीएफ असेल आणि आत वीजबिल हा शब्द असेल तर बिलांच्या फोल्डरमध्ये हलव’ असा नियम एकदा लिहिला की झालं. असे नियम साठत गेले की लॅपटॉपचा पंखा घरघरू लागतो आणि सल्ला येतो: रॅम वाढवा. खर्चात पडण्याआधी अटींचा क्रम तपासून बघा.

लिनक्समध्ये फाइलचं नाव फोल्डरच्या यादीत असतं. आकार, तारीख वगैरे तपशील आयनोड नावाच्या छोट्या नोंदीत असतो. प्रत्यक्ष मजकूर डिस्कवर तिसरीकडेच. नाव किंवा आकार बघायला फाइल उघडावी लागत नाही. मजकुरात शब्द शोधायचा तर फाइल उघडा, वाचा, पीडीएफ असेल तर आत आवळून ठेवलेला मजकूर सोडवा. स्कॅन केलेला कागद असला तर चित्रातून अक्षरं ओळखणं आलंच.

‘सर्व अटी पूर्ण हव्यात’ अशा नियमात पहिलीच अट खोटी ठरली की पुढच्या तपासायचं कारण उरत नाही. सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला ‘अँड’ (म्हणजे अटी जोडणारा ‘आणि’) नेमका असाच थांबतो. समजा, १०,००० फायली आहेत आणि मजकूर तपासायला प्रत्येकी २० मिलिसेकंद लागतात. मजकुराची अट आधी लिहिली तर २०० सेकंद गेले. नावाची अट आधी लिहिली आणि ४०० पीडीएफच उरल्या, तर ८ सेकंद. दारात आलेल्याचं नाव विचारण्याआधी त्याची कुंडली कशाला मांडायची?

पण ‘स्वस्त ते आधी’ हा नियमही अपुरा आहे, आणि खरी गंमत इथेच आहे. अ अटीला २ मिलिसेकंद लागतात, पण ती १० टक्केच फायली गाळते. ब अटीला ६ लागतात, पण ती ८० टक्के गाळते. अ आधी घेतली तर सरासरी खर्च २ + ०.९ × ६ = ७.४. ब आधी घेतली तर ६ + ०.२ × २ = ६.४. महाग अट जिंकली! सूत्र असं: खर्चाला गाळण्याच्या शक्यतेने भागा. अ चे २०, ब चे ७.५, लहान आकडा आधी. अटी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर हाच क्रम सर्वोत्तम असल्याचं गणिताने सिद्ध करता येतं. ‘कोणतीही एक अट चालेल’ अशा नियमात गाळण्याऐवजी अट खरी ठरण्याच्या शक्यतेने भागायचं.

डेस्कटॉपवर दहादा ‘रिफ्रेश’ दाबणं हा मात्र निव्वळ नवस. त्याने यादी पुन्हा वाचून चिन्हं पुन्हा रंगवली जातात, बाकी काही नाही. आणि ‘एआय फायली लावून देतो’ म्हणणाऱ्यांनाही मजकूर वाचण्याचा खर्च चुकत नाही.

राहिला प्रश्न नियम कधी चालवायचे याचा. दर मिनिटाला अख्खा फोल्डर चाळायची गरज नाही. फोल्डरमध्ये बदल झाला की कळवणारी आयनोटिफाय ही सोय लिनक्सच्या गाभ्यात २००५ पासून आहे. फक्त ‘फाइल तयार झाली’ या सूचनेवर धावू नका, तेव्हा डाउनलोड अर्धवट असतं. ‘लिहून बंद झाली’ ही सूचना निवडा. आणि हलवलेली फाइल नजरेखालच्याच फोल्डरमध्ये पडत नाही ना, तेवढं बघा. नाहीतर तीच फाइल पुन्हा पुन्हा तपासली जाईल.