आरशातल्या स्पॉकला शीतकडी पचेल का?

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी मालिका १९६६ ते १९६९ या काळात टीव्हीवर चालली. ती बंद पडल्यावर, १९७० साली, जेम्स ब्लिश यांनी तिच्यातली पात्रं घेऊन ‘स्पॉक मस्ट डाय!’ ही नवी कादंबरी लिहिली. माणसाला क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्रात प्रयोग फसतो आणि अंतराळजहाजावरच्या स्पॉक या अधिकाऱ्याचे एकाचे दोन होतात. बोलणं, बुद्धी, आठवणी, सगळं सारखं. मग खरा कोणता? त्यातला एक प्रयोगशाळेत स्वतःला कोंडून घेतो, आणि त्याचं कारण पुढे उलगडतं. आरशातल्या प्रतिमेसारखा तो उलटा घडलाय, पार रेणूंपर्यंत. जहाजावरचं अन्न त्याच्या अंगी लागणार नाही, त्याला उलटी अमिनो आम्लं लागतात. ब्लिश प्राणिशास्त्र शिकलेले होते आणि इथे त्यांनी खऱ्या शास्त्रावर बोट ठेवलं आहे.

डावा हात उजव्यावर तंतोतंत बसत नाही, तसे कित्येक रेणू जोडीनं संभवतात. सजीवांची प्रथिनं जवळपास सगळी डाव्या अमिनो आम्लांची, तर साखर उजवी. हा फरक नाकालाही कळतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पुदिना आणि बाळंतशेपा आणा, बोटांवर चुरडा आणि हुंगा. दोन्हींत कार्व्होन नावाचा एकच रेणू आहे, पण एकात डावा, दुसऱ्यात उजवा. वास किती वेगळे!

आता त्या उलट्या स्पॉकपुढे शीतकडीचं, म्हणजे गोव्याच्या भात आणि माशाच्या कढीचं, ताट ठेवू. त्याची पाचक विकरंही उलटीच असणार. त्यामुळे शितातला स्टार्च तुटणार नाही, बांगड्याची प्रथिनं तशीच पडून राहतील. मीठ-पाणी चालेल. फेणीतला अल्कोहोलही चढेल, कारण त्या रेणूला डावं-उजवं नसतंच.

लुई पाश्चरनं १८४८ साली टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे डावे आणि उजवे स्फटिक चिमट्यानं वेचून वेगळे केले. आपल्या चिंचेचा आंबटपणाही याच आम्लाचा, आणि तिच्यात ते एकाच प्रकारचं असतं. पुढे पाश्चरला दिसलं की दोन्ही प्रकार एकत्र दिले तरी बुरशी एकच खाते आणि दुसरा तसाच ठेवते. कादंबरीतलं ते रहस्य मुळात हेच.

पण स्पॉकला जेवण लागतं. नील-हरित शेवाळाचं तसं नाही. ऊन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडे क्षार मिळाले की झालं, आणि यातल्या कशालाच डावं-उजवं नाही. असा एखादा उलटा जीव गोव्यातल्या झुवारी नदीच्या मुखाशी सुटला तर तो उपाशी मरणार नाही. उलट त्याला खाणाऱ्या सूक्ष्मजीवांनाच तो नीट पचणार नाही, विषाणूंना त्याच्यात शिरकाव मिळणार नाही. उलटा रोगजंतू असेल तर आपली प्रतिकारशक्तीही त्याला बहुधा ओळखणार नाही. ब्लिशच्या कल्पनेपेक्षा मला हे जास्त धास्तावणारं वाटतं.

असा उलटा जीवाणू अजून कुणी बनवलेला नाही. मात्र डिसेंबर २०२४मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात याबद्दल इशारा दिला, आणि त्यांत पूर्वी उलट्या पेशीच्या मागे लागलेलेही होते. सुट्या उलट्या रेणूंवरचं काम चालू राहावं, असं ते म्हणतात. शरीरातली विकरं ते रेणू सहजी तोडत नाहीत, त्यामुळे त्यांची औषधं टिकाऊ होऊ शकतात. अख्खा उलटा जीवाणू मात्र, तो धोक्याचा नाही याचा सबळ पुरावा मिळेपर्यंत, कुणी घडवू नये आणि त्यासाठी कुणी पैसाही देऊ नये.