पिंग लागत नाही म्हणजे नेटवर्क बंद आहे, असे नव्हे

इम्युलेटरमधल्या (एका संगणकात दुसरा संगणक भासवणाऱ्या प्रोग्राममधल्या) विंडोज ९५ वरून बाहेर पिंग (समोरचा संगणक उत्तर देतो का, हे पाहणारी चाचणी) लागले नाही की नेटवर्क जोडलेच गेलेले नाही, हा जुना समज चुकीचा आहे. क्यूईएमयू या इम्युलेटरच्या ‘यूझर’ या नेटवर्क जोडणीच्या पद्धतीत आतल्या संगणकाला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो आणि त्याची टीसीपी व यूडीपी वाहतूक (वेबपानांसारखी नेहमीची देवाणघेवाण) इम्युलेटर एखाद्या साध्या प्रोग्रामप्रमाणे बाहेर पाठवतो. पिंगसाठी लागणारे आयसीएमपी संदेश पाठवण्याची मुभा मात्र मूळ संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम अशा प्रोग्रामला अनेकदा देत नाही. म्हणून ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ (उत्तर वेळेत आले नाही) दिसताच व्यवस्थित चालणारा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर कृपया काढून टाकू नका. आधी १०.०.२.२ या गेटवेला (आतल्या संगणकाच्या बाहेर जाण्याच्या दाराला) पिंग करा, मग ब्राउझरमध्ये साधे एचटीटीपी पान उघडून पाहा (आजचे एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित पाने, त्या काळच्या ब्राउझरला झेपत नाहीत, ती अडचण वेगळी). बाहेरून आत येणाऱ्या जोडणीसाठी पोर्ट फॉरवर्डिंग (मूळ संगणकाच्या ठरावीक पोर्टवर आलेली जोडणी आतल्या संगणकाकडे वळवणे) स्वतंत्रपणे करावे लागते.