कवटीच्या तळाचे जन्मजात दोष : शस्त्रक्रिया

कवटीच्या तळाच्या हाडात जन्मतः फट राहिली, तर तिच्यातून मेंदूची आवरणे खाली नाकात, घशात किंवा डोळ्याच्या खोबणीत उतरतात. आवरणांच्या या पिशवीत नुसते मेंदूभोवतीचे पाणी असल्यास तो मेनिंगोसील, मेंदूचा भागही असल्यास एन्सेफॅलोसील. साधारण ३५ ते ४० हजार जन्मांत एक असा अंदाज दिला जातो. कवटीच्या तळाच्या मधोमध असलेल्या स्फेनॉइड हाडातून उतरणारा प्रकार त्याहूनही विरळा.

बाहेरून बहुधा काही दिसत नाही, खरी अडचण हीच. मूल वाकले की एकाच नाकपुडीतून मेंदूभोवतीच्या या पाण्याचा थेंब टपकतो. गोव्याच्या पावसाळ्यात पोराचे नाक वाहते, याचे कुणाला काय वाटणार? पण सर्दी घट्ट होते, हे पाणी पातळच राहते. मेंदूज्वर पुन्हा पुन्हा होणे, नाकाचे मूळ रुंद असणे, टाळू दुभंगलेली असणे यांनी संशय बळावतो. नाकात गुळगुळीत गोळा दिसतो. मूल रडले की तो फुगतो. ‘नाकात मांस वाढलंय’ म्हणून एमआरआयआधीच त्याचा तुकडा काढणे म्हणजे थेट मेंदूला हात घालणे. याला अपवाद नाही.

गोव्यात अशी मुले बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, पोचतात. सावंतवाडी-दोडामार्गकडचे लोकही तिथेच धाव घेतात. १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेचा वारसा या महाविद्यालयाकडे आहे. कान-नाक-घसा आणि मेंदूशल्य या दोन्ही विभागांनी मिळून करायचे हे काम आहे.

पूर्वी कवटी उघडून फट बुजवत. त्यात मेंदू बाजूला सारावा लागे आणि वास घेण्याची शक्ती जाण्याची भीती असे. आता शक्य तिथे दुर्बिणीने नाकातूनच जातात. निकामी झालेली पिशवी विद्युत्‌दाहाने आक्रसून तळाशी आणतात, हाडाची कड मोकळी करतात आणि मांडीतल्या पडद्याचा तुकडा आतून बसवतात. वर नाकाच्या मधल्या पडद्याचे, रक्तपुरवठा शाबूत ठेवलेले अस्तर पसरतात. २००६ पासून रूढ झालेल्या या अस्तराने गळती बरीच आटोक्यात आली. मात्र तान्ह्या बाळाच्या इवल्याशा नाकात ते अपुरे पडू शकते. स्फेनॉइडमधल्या पिशवीत वाढ आणि संप्रेरके सांभाळणारी पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथी किंवा डोळ्यांच्या नसा असू शकतात. तिथे कापाकापी करायची नसते.

नंतर काही आठवडे नाक शिंकरायचे नाही, शिंक तोंड उघडे ठेवून द्यायची. पियुषिका गुंतलेली असल्यास वाढ आणि संप्रेरकांची तपासणी वर्षानुवर्षे चालते.