दुसऱ्याचा खेळ बघून सुचलेलं

आपल्याकडची मोठी कामं मुळात सुचली कशी हे शोधायला गेलं की एकांतात बसलेला कलावंत फारसा सापडतच नाही, सापडतो तो तिकीट काढून दुसऱ्याचा खेळ बघायला गेलेला माणूस. सांगलीत १८४२ च्या सुमारास कर्नाटकातली भागवत मंडळी, म्हणजे पौराणिक कथांचे खेळ करणारी मंडळी, आली, त्यांचे खेळ बघून राजेसाहेब चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना असलं काहीतरी मराठीत करा म्हणून सांगितलं आणि १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' हे नाटक झालं. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी पारशी नाटक कंपनीचं 'इंद्रसभा' पाहिलं आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला त्यांच्या 'शाकुंतल' या संगीत नाटकाचे पहिले चार अंक स्टेजवर आलेसुद्धा. मूड यायची वाट वगैरे भानगडच नाही!

पण सगळ्यात भारी केस दादासाहेब फाळक्यांची. गिरगावातल्या तंबू थिएटरात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट बघताना त्यांना पडद्यावर कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या दिसायला लागले, हे त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. हा किस्सा सगळे सांगतात, त्याच्या आधीचं मात्र कोणी सांगत नाही. तेव्हा चाळिशी गाठलेल्या या माणसाने मुंबईचं जेजे स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन केलं होतं, गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवला होता, रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम केलं होतं, छपाईतलं नवीन शिकायला जर्मनीला जाऊन आला होता, आणि भागीदारांशी बिनसल्यामुळे स्वतःच्या प्रेसमधून बाहेरही पडला होता. त्याच तंबूत बाकीचेही बसले होतेच की, पण कॅमेरा, केमिकल, चित्रकला हे सगळं आधीच हातात असलेला त्यांच्यात कितीसा असणार?

मग दिवसरात्र तोच नाद, सिनेमे बघून बघून आणि प्रयोग करकरून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. बरे झाल्यावर विमा पॉलिसी गहाण टाकली आणि १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. तरी पैसेवाल्यांना नुसत्या स्वप्नावर विश्वास कसा बसणार, म्हणून घरीच कुंडीत वाटाणा लावला, तो उगवताना थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेतली आणि रोपटं झरझर वाढताना दाखवलं. ते बघून पैसे मिळाले, आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्याच कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.