शहराच्या इतिहासाची कव्हरं: 'फर्स्ट डे' कोणतं आणि 'स्पेशल' कोणतं?

एखाद्या शहराच्या स्थापनेची अमुक वर्षं, जुन्या बंदराची शताब्दी, नगरपालिकेचा सुवर्णमहोत्सव. अशा प्रसंगांची टपालाची जुनी पाकिटं, म्हणजेच कव्हरं, विकायला येतात तेव्हा विक्रेते बहुतेक वेळा सगळ्यांना सरसकट 'फर्स्ट डे कव्हर' म्हणून टाकतात. डावीकडे चित्र, उजवीकडे तिकीट, त्यावर नक्षीदार शिक्का. दिसायला दोन्ही सारखीच. पण त्यांतली बरीचशी स्पेशल कव्हरं असतात.

फर्स्ट डे कव्हर हे तिकिटाचं. नवं तिकीट ज्या दिवशी निघालं त्या दिवसाचा शिक्का त्याच तिकिटावर हवा. स्पेशल कव्हर हे प्रसंगाचं. त्यावर वर्षानुवर्षं चालत आलेलं साधं तिकीटही चालतं, कारण तिथे मोल असतं ते प्रसंगासाठी मुद्दाम बनवलेल्या शिक्क्याला. म्हणून पाकीट हातात आलं की चित्राकडे सगळ्यात शेवटी बघावं. आधी तिकीट ओळखायचं, कॅटलॉगमध्ये ते निघाल्याची तारीख काढायची आणि मग ती शिक्क्यावरच्या तारखेशी ताडून पाहायची.

डेट्रॉइटचं उदाहरण घ्या. कॅडिलॅक हा फ्रेंच माणूस 24 जुलै 1701 रोजी तिथे उतरला आणि शहराचा पाया पडला. त्याला 250 वर्षं झाली त्याच दिवशी, 24 जुलै 1951 ला, अमेरिकेने त्या घटनेवर 3 सेंटचं तिकीट काढलं. ते तिकीट आणि त्या तारखेचा शिक्का असलेलं पाकीट हे फर्स्ट डे कव्हर, आणि तारीख वर्धापनदिनाचीच असल्यामुळे प्रसंगाची आठवणही त्यात आपोआप आली. आता तसंच चित्र छापलेलं, डेट्रॉइटहूनच त्याच दिवशी टाकलेलं, पण जुनं साधं तिकीट लावलेलं पाकीट समजा. शहराच्या संग्रहात ते जरूर ठेवावं, पण ते फर्स्ट डे नव्हे. आणि तिकीट बरोबर, पण शिक्का 25 जुलैचा, तर तेही नव्हे. एका दिवसाने हुकलं म्हणजे हुकलंच.

उलट गंमत अलाहाबादच्या पाकिटांची. 18 फेब्रुवारी 1911 रोजी तिथल्या प्रदर्शनात आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने विमानातून टपाल यमुनेपलीकडे नैनीला नेलं. त्या पत्रांवरच्या शिक्क्यात 'फर्स्ट एरियल पोस्ट' असे शब्द आहेत. 'फर्स्ट' दिसलं की काहींना लगेच फर्स्ट डे वाटतं. पण पाकिटांवरची तिकिटं त्या काळची नेहमीची, नवं असं काही निघालंच नव्हतं. पाकिटं मात्र फर्स्ट डेच्या कित्येक गठ्ठ्यांपेक्षा मोलाची.

भारतीय टपाल खात्याच्या अलीकडच्या पाकिटांवर 'प्रथम दिवस आवरण' किंवा 'विशेष आवरण' असं छापलेलंच असतं, तिथे फारसा घोळ होत नाही. घोळ होतो तो शिक्क्यातल्या गावाच्या नावाने. नव्या तिकिटाचा पहिल्या दिवसाचा शिक्का निरनिराळ्या शहरांतल्या फिलाटेलिक ब्युरोंमध्ये, म्हणजे टपाल खात्याच्या तिकीटसंग्राहकांसाठीच्या कार्यालयांत, मारला जातो. त्यामुळे शिक्क्यावर एखाद्या शहराचं नाव आहे एवढ्यावरून ते पाकीट त्या शहराच्या इतिहासाचं ठरत नाही. स्पेशल कव्हरच्या शिक्क्यातलं गाव मात्र सहसा प्रसंगाचंच असतं.

शहर हा विषय घेणाऱ्याने फक्त फर्स्ट डेच जमवीन असा हट्ट धरू नये, असं माझं मत. तिकीट निघतं देशाच्या पातळीवर, आणि एकाच शहराच्या वाट्याला ते क्वचित येतं. स्पेशल कव्हर स्थानिक प्रसंगावरही निघतं. जुनी पेठ, पाणीपुरवठा, रेल्वे स्टेशन असल्या गोष्टी त्यातच सापडतात. फक्त घेताना ते काय आहे हे ओळखून घ्यावं आणि फर्स्ट डे म्हणून जास्त भाव मागितला तर देऊ नये.

जुन्या पाकिटांत आणखी एक पाहावं लागतं. पाकिटावरच्या छापील चित्राला संग्राहक कॅशे म्हणतात. फर्स्ट डेसाठी कॅशे छापण्याची सुरुवात साधारणपणे जॉर्ज लिन यांच्यापासून मानतात. 1923 मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या स्मृतितिकिटासाठी त्यांनी तो छापला. अमेरिकेत शिक्क्यातच 'फर्स्ट डे ऑफ इश्यू' हे शब्द यायला 1937 साल उजाडलं. तेव्हा कॅनडातल्या क्वेबेक शहराच्या 1908 च्या त्रिशताब्दीची तिकिटं लावलेलं, तजेलदार रंगीत कॅशेचं पाकीट कोणी पुढे केलं, तर तिकीट आणि शिक्का खरे असूनही चित्र मागाहून छापलेलं असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी भिंगाखाली शिक्क्याची शाई आणि चित्राची शाई जिथे एकमेकींवर येतात ती जागा तपासावी. शिक्क्यावरून चित्राचा रंग गेलेला दिसला, तर चित्र नंतरचं.