पार्श्वभूमी : रोझा पार्क्स आणि बत्तीस पानांची अडचण

जानेवारीचा तिसरा सोमवार, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग दिन, आणि पाठोपाठ येणारा फेब्रुवारी, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, हा अमेरिकेतल्या शाळांत नागरी हक्क चळवळीच्या पुस्तकांचा हंगाम. तिथल्या मराठी घरांतही दुसरी-तिसरीतली मुलं ही पुस्तकं दप्तरातून घरी आणतात. मुलांच्या हाती नेमकं काय द्यायचं, हा वाद मात्र जुना आहे.

१९२० साली कृष्णवर्णीय मुलांसाठी निघालेलं एक मासिक दोन वर्षांत बंद पडलं. १९५९ मध्ये अलाबामात काळा ससा आणि पांढरी सशीण यांच्या लग्नाच्या चित्रपुस्तकावर गदारोळ झाला आणि राज्याच्या ग्रंथालय विभागाने ते उघड्या फळीवरून हलवून राखीव साठ्यात ठेवलं. १९६५ च्या एका पाहणीत निघालं की आधीच्या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी काढलेल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकी फक्त ३४९ पुस्तकांत एखादं तरी कृष्णवर्णीय पात्र होतं. १९७० पासून कृष्णवर्णीय लेखकांसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला, १९८६ पासून मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची राष्ट्रीय सुटी पाळली जाऊ लागली आणि शाळांना दरवर्षी पुस्तकं लागू लागली. खपली ती छोटी चरित्रं : बत्तीस पानं, एक नायक, एक प्रसंग.

घोळ इथेच आहे, आणि तो सगळ्यात जास्त रोझा पार्क्स यांच्या वाट्याला आला. कित्येक पुस्तकांत गोष्ट अशी : दिवसभर शिवणकाम करून दमलेली एक बाई बसमध्ये गोऱ्यांच्या जागेवर बसली, उठली नाही आणि क्रांती झाली. प्रत्यक्षात १ डिसेंबर १९५५ ला त्या गोऱ्यांच्या राखीव जागेवर बसल्याच नव्हत्या. अलाबामातल्या माँटगोमेरीच्या बसमध्ये पुढच्या दहा जागा गोऱ्यांच्या, त्यामागच्या रांगेत पार्क्स. एका गोऱ्या प्रवाशासाठी चालकाने त्या रांगेतल्या चौघांना उठवलं. तिघं उठली, पार्क्स उठल्या नाहीत आणि पकडल्या गेल्या. याच चालकाने बारा वर्षांपूर्वीही त्यांना बसमधून उतरवलं होतं. पार्क्स वयाने ४२ वर्षांच्या, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या अनुभवी सचिव, त्याच उन्हाळ्यात शाळांमधल्या वर्णभेदावरच्या एका शिबिराला जाऊन आलेल्या. आपण त्या दिवशी अंगाने दमलो नव्हतो, मुकाट मान तुकवण्याला कंटाळलो होतो, हे त्यांनी स्वतः १९९२ च्या आत्मकथेत लिहिलं. दमलेली बाई तरीही पुस्तकांतून हटेना.

त्याहून अवघड प्रश्न क्लॉडेट कॉल्व्हिन या मुलीचा. तीही जागेवरून उठली नाही म्हणून मार्च १९५५ मध्येच पकडली गेली होती, वय १५. तिचं प्रकरण उचलून धरायचं नाही, असं पुढाऱ्यांनी ठरवलं. वय लहान, वस्ती गरिबांची, आणि पुढे काही महिन्यांत ती लग्नाआधीच गरोदर राहिली. चळवळ म्हणून हा हिशेब समजण्यासारखा असेलही, पण ज्या खटल्यामुळे बसमधला वर्णभेद कायद्याने संपला त्यातल्या फिर्यादींत कॉल्व्हिन होती, पार्क्स नव्हत्या. तिचं किशोरवाचकांसाठीचं चरित्र २००९ मध्ये आलं आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. लहानांच्या पुस्तकांत तिला जागा मिळणं अजून अवघड जातं. पार्क्स यांच्या अटकेनंतर बसवर बहिष्काराची पत्रकं रातोरात छापणारी प्राध्यापिका, ३८१ दिवस चाललेला तो बहिष्कार तगवणाऱ्या चर्चच्या गाड्या, हेही बत्तीस पानांत सहसा मावत नाही. पुस्तक निवडणाऱ्याने खरं तर हेच शोधावं, नायक कुठलाही असो.

अलीकडे भांडणाचा रोख बदलला. २०२१ मध्ये टेनेसीत एका पालकगटाने रुबी ब्रिजेस यांच्या पुस्तकावर बोट ठेवलं. १९६० साली न्यू ऑर्लिन्समध्ये सहा वर्षांची कृष्णवर्णीय रुबी गोऱ्यांच्या शाळेत निघाली तेव्हा जमलेला चिडलेला गोरा जमाव त्यात स्पष्ट दाखवला आहे आणि शेवटी गोऱ्यांना दिलासा मिळत नाही, अशी तक्रार. राज्याने ती तांत्रिक कारणावर परत पाठवली. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळा मंडळाने अशा पुस्तकांच्या यादीवर घातलेली बंदी विद्यार्थ्यांच्या निदर्शनांनंतर उठवली.

२०२३ मध्ये फ्लोरिडासाठी तयार झालेल्या एका पाठाच्या मसुद्यात पार्क्स यांना दुसऱ्या जागेवर बसायला सांगितलं, एवढंच उरलं होतं. का सांगितलं, याचा पत्ता नाही. चळवळ शिकवताना वर्णाचा उल्लेख टाळणं आमच्या कायद्यात बसत नाही, असं नंतर खुद्द राज्याच्या शिक्षण खात्यानेच म्हटलं. कात्री प्रकाशकाने आपणहून चालवली होती.