पिझ्झा लेआउट

पिझ्झाएवढ्या गोल पाटावर किंवा पिझ्झाच्या खोक्यात मावणारी मॉडेल रेल्वे. असा कुठलाही इवलासा वर्तुळाकार लेआउट हौशी मंडळींत याच नावाने ओळखला जातो, मग त्यावर गाव असो की डोंगर. येथे विचार केला आहे तो पाटच पिझ्झा असलेल्या प्रकाराचा. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जयविलास महालात ब्रँडी व सिगार फिरवणारी चांदीची आगगाडी जेवणाच्या टेबलावर आहे. पण ती वाढपी गाडी, प्रकार निराळा.

छोट्या मॉडेल रेल्वेचे मोठे वैगुण्य म्हणजे गाडी आपल्याच शेपटीमागे धावताना दिसते. पिझ्झाच्या काठाने धावली की तेच शोभते. म्हणून पदार्थ गोलच निवडावा. थालीपीठही चालेल, तारा खाली न्यायला मधले भोक आयतेच मिळते.

गाडी एन मापाची (१:१६०, रुळांतील अंतर ९ मिमी) आणि पिझ्झा खऱ्या आकाराचा, १२ इंची. या मापात माणूस जेमतेम ११ मिमी उंच भरतो, तर १५ मिमीचे ऑलिव्ह त्याच्या डोक्यावरून जाते. गंमत या विसंगतीतच आहे, तेव्हा ती पुरती वापरावी: ऑलिव्हला शिडी लावलेला मजूर, चीजमध्ये पाय रुतलेला प्रवासी. पदार्थ लहान करून मेळ घालायला गेले की धड पिझ्झा दिसत नाही, धड गावही नाही.

काटो या जपानी कंपनीच्या रुळांचे ११७ मिमी त्रिज्येचे ४५ अंशांचे ८ तुकडे जोडले की वर्तुळ पुरे होते आणि बाहेर काठासाठी साधारण २ सेमी जागा उरते. एक फेरी ७३.५ सेमीची, ताशी २० किमी वेगाचा भास हवा तर तिला २१ सेकंद लागले पाहिजेत. बहुतेक जण गाडी फार जोरात सोडतात. एवढ्या वळणावर चारचाकी इंजिन किंवा आखूड ट्रामच चालते. डब्याच्या कोपऱ्याला पेन्सिल चिकटवून एक फेरी मारावी आणि उमटलेल्या रेघेपलीकडे आणखी ३ मिमी मोकळे सोडावे, नाहीतर सिमला मिरची गाडीला घासते.

खोक्याचा पुठ्ठा तळ म्हणून वापरू नये. ओल्या फेविकॉलने तो वाकतो, रूळ पिळतात आणि गाडी दर फेरीला त्याच सांध्यावर घसरते. ६ मिमी प्लायवूड घेऊन दोन्ही बाजू रंगवाव्यात. काठ थर्माकोलचा, त्यावर स्प्रे रंग किंवा फेविबाँडसारखा सॉल्व्हंटचा गोंद लावला तर तो विरघळतो. करपल्याचे डाग जवळजवळ कोरड्या स्पंजने, तपकिरी रंगात टिपावेत.

चीज म्हणजे फेविकॉलमध्ये थोडा पिवळा ॲक्रिलिक रंग. थर १ ते २ मिमीचाच द्यावा आणि दुसरा दिवसभराने. जाड थर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि पुढे खचून भेगाळतो. ओतण्यापूर्वी रुळांवर मास्किंग टेप हवीच, कारण रुळाच्या माथ्यावर थेंब सुकला की तिथे वीज तुटते. खरे अन्न वापरण्याचा मोह टाळावा: तेल रुळांवर पसरते, मुंग्या लागतात, पावसाळ्यात बुरशी धरते.

वीज १२ व्होल्ट डीसी, दोन तारा पुरतात. जोडणीच्या समोरच्या बाजूला गाडी मंदावत असेल तर सांधे सैल आहेत असे समजावे. तिथे तारांची दुसरी जोडी द्यावी. मात्र बाहेरच्या रुळाची तार बाहेरच्याच रुळाला, अन्यथा शॉर्ट सर्किट होते.